आश्रय सरला, डाव मोडला

२०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात जागतिक बुद्धिबळ संघटनेने मीर सुलतान खान यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब जाहीर केला. किताब स्वीकारण्यासाठी ते हयात नव्हते. २५ एप्रिल १९६६ रोजी पाकिस्तानातील सरगोधा येथे क्षयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले होते. आणि ज्या खेळाबद्दल हा सन्मान द्यावयाचा, तो स्पर्धात्मक खेळ तर त्यांनी मृत्यूपूर्वीच सुमारे तीस वर्षे सोडून दिला होता. उशिरा का होईना, एका अन्यायाचे परिमार्जन झाले, अशी भावना त्या वेळी व्यक्त झाली आणि ती स्वाभाविकच होती. परंतु किताब दिल्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. १९२९ ते १९३३ या अवघ्या पाच वर्षांत जगातील अग्रगण्य बुद्धिबळपटूंच्या पंक्तीत जाऊन बसलेला हा माणूस, वयाच्या तिशीत, म्हणजे ज्या वयात या खेळातील जाण परिपक्व होते त्याच वयात, पटावरून एकाएकी नाहीसा का झाला? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः त्यांच्या स्वभावात, प्रकृतीत किंवा नशिबात शोधले जाते. ते वस्तुतः ज्या व्यवस्थेने त्यांना वर आणले तिच्या रचनेतच शोधावयास हवे.

सुलतान खान यांचा जन्म पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. हे गाव तेव्हाच्या शाहपूर आणि आजच्या खुशाब जिल्ह्यातले. जुन्या ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १९०५ दिलेले आढळते. कुटुंबीयांच्या नोंदीप्रमाणे ते १९०३ आहे. वडील मियाँ निजामुद्दीन यांनी त्यांना नवव्या वर्षी बुद्धिबळाची दीक्षा दिली. हे बुद्धिबळ अर्थातच देशी पद्धतीचे होते. तरुण सुलतान खान यांनी आसपासच्या जमीनदारांशी आणि नामांकित खेळाडूंशी डाव मांडीत आपली कीर्ती वाढविली, आणि एकविसाव्या वर्षाच्या सुमारास ते पंजाबातील सर्वश्रेष्ठ खेळाडू मानले जाऊ लागले.

देशी खेळाची घडण

देशी बुद्धिबळ आणि युरोपीय बुद्धिबळ यांतील भेद महाराष्ट्रातील जुन्या पिढीला समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. पट तोच, मोहरेही तेच. पण डावाची चालच निराळी. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे सरकते. राजाला हत्तीच्या आड नेऊन ठेवणारा किल्लेकोट तेथे नाही. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याप्रमाणे उडी मारण्याची मुभा असते. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे खेळाडूच्या मर्जीप्रमाणे वजीर होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोहोचले, त्या मोहऱ्याचे रूप त्याला घ्यावे लागते. या सर्वांचा परिणाम असा, की दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते, प्रारंभीच्या खेळ्या घाईने करण्याचे कारण उरत नाही आणि डावाचा निकाल बहुधा दीर्घ, चिवट झुंजीनंतर लागतो. सुलतान खान यांच्या खेळातील संयम, मोहऱ्यांच्या स्थानाची उपजत जाण आणि डावाच्या अंतिम भागातील प्रभुत्व यांचे मूळ या शिक्षणात आहे. त्यांच्या प्रारंभीच्या खेळ्यांतील कच्चेपणाचे मूळही त्यातच आहे.

देशी पद्धतीची खरी अडचण मात्र आणखी वेगळी होती. तिचे नियम प्रांताप्रांतांत भिन्न असत. परगावच्या खेळाडूशी पट मांडताना आधी नियम ठरवावे लागत. पेठेपेठेत वजनेमापे वेगळी असली, म्हणजे बाजारपेठ विस्तारत नाही, मालाची पारख गावच्या वेशीपाशी थांबते. तसेच काहीसे या खेळाचे झाले होते. एका गावचा पराक्रम दुसऱ्या गावच्या हिशेबात धरला जात नसे. डाव टिपून ठेवण्याची प्रथा नसल्याने एका पिढीची समज दुसऱ्या पिढीला पुंजी म्हणून मिळत नसे. बुद्धीला तोटा नव्हता. तिचा संचय करणारी यंत्रणा नव्हती.

अशा परिस्थितीत गुणी माणसापुढे एकच मार्ग असे, तो म्हणजे आश्रयदात्याचा. शाहपूर जिल्ह्यातील कालरा जहागिरीचे मालक सर उमर हयात खान टिवाणा हे बडे जमीनदार, लष्करी पदवीधारक, सरकारदरबारी वजन असलेले गृहस्थ होते. त्यांनी सुलतान खान यांना वेतन व राहण्याजेवण्याची सोय देऊन आपल्या पदरी ठेवले, जहागिरीवर बुद्धिबळपटूंचा संघ उभारण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले आणि त्यांना युरोपीय पद्धतीचे नियम शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ साली झालेली अखिल भारतीय स्पर्धा सुलतान खान यांनी एकही डाव न गमावता जिंकली. दुसऱ्याच वर्षी सर उमर यांची लंडन येथे भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर नेमणूक झाली. १९२९ च्या वसंत ऋतूत ते विलायतेस गेले, तेव्हा त्यांच्या समवेत सुलतान खान होते.

लंडनचे क्लब

लंडनमध्ये सुलतान खान यांना जे मिळाले, ते पैशापेक्षा मोलाचे होते. तेथे बुद्धिबळाचे क्लब होते. इंग्लंडातील हे क्लब म्हणजे काही राजवाडे नव्हेत. एखाद्या उपाहारगृहाचा वरचा मजला, एखाद्या इमारतीतील भाड्याचे दालन, दहावीस पट, तितकीच घड्याळे, सभासदांची वार्षिक वर्गणी आणि हिशेब ठेवणारा एक बिनपगारी चिटणीस, एवढ्यावर ती संस्था चालत असे. कारकून, शाळामास्तर, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी ठरलेल्या संध्याकाळी तेथे जमत. एका क्लबचा संघ दुसऱ्या क्लबाशी सामने खेळे. प्रत्येक डाव टिपला जाई, आणि त्यातले निवडक डाव १८८१ पासून अखंड निघणाऱ्या ब्रिटिश चेस मॅगझिनमध्ये टीकाटिप्पणीसह छापले जात. हेस्टिंग्जसारख्या समुद्रकाठच्या लहान शहराचा क्लब १८८२ साली स्थापन झालेला. १९२० पासून दर नाताळात तेथे भरणाऱ्या संमेलनाला जगातील थोर खेळाडू हजेरी लावीत. देशी खेळाला ज्या गोष्टींची वाण होती, ती समान नियम, लिखित नोंद, नियमित प्रतिस्पर्धी आणि ठरलेले वार्षिक वेळापत्रक ही सारी या क्लबांच्या जाळ्याने पुरविली होती.

सुलतान खान यांनी इंपीरियल चेस क्लबात खेळावयास प्रारंभ केला. फ्रेडरिक येट्स आणि विल्यम विंटर या दोन निष्णात खेळाडूंनी त्यांना प्रारंभीच्या खेळ्यांचे शिक्षण दिले. पहिली फळे उत्साहवर्धक नव्हती. त्यांच्या सरावासाठी भरविलेल्या एका छोट्या स्पर्धेत ते शेवटच्या स्थानाचे वाटेकरी ठरले. युरोपात प्रारंभीच्या खेळ्यांचा अभ्यास पुस्तके भरभरून झालेला होता, आणि त्या पुस्तकांशी सुलतान खान यांचा परिचय नव्हता. परंतु काही आठवड्यांतच रॅम्सगेट येथे ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा झाली आणि सर्वांना थक्क करीत ती त्यांनी जिंकली. साम्राज्याच्या राजधानीत नुकताच दाखल झालेला, भाषेने आणि वेशाने परका असलेला एक पंजाबी तरुण साम्राज्याचा बुद्धिबळ विजेता झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सुलतान खान हिंदुस्थानात परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा लंडनला गेले. त्यानंतरची तीन वर्षे हा त्यांच्या खेळाचा सुवर्णकाळ होय. १९३० साली लिएज येथील स्पर्धेत साव्हियेली तार्ताकोव्हर यांच्या पाठोपाठ त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. १९३० च्या अखेरीस हेस्टिंग्ज येथे त्यांनी खोसे राउल कॅपाब्लांका यांचा पराभव केला. १९२१ ते १९२७ या काळात विश्वविजेतेपद भूषविलेले कॅपाब्लांका हे अंतिम भागातील खेळाचे अद्वितीय जाणकार मानले जात. त्यांच्याविरुद्ध इंचाइंचाने आघाडी वाढवीत, प्रदीर्घ डावाअंती सुलतान खान यांनी विजय संपादला. स्पर्धेत माक्स यूवे पहिले, कॅपाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले. त्याच सुमारास लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती, आणि हिंदी माणसे स्वतःचा कारभार पाहण्यास लायक आहेत किंवा कसे याचा खल तेथे चालला होता, ही गोष्ट येथे सहज आठवते.

१९३१ च्या प्रारंभी बारा डावांच्या सामन्यात त्यांनी तार्ताकोव्हर यांना साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी नमविले. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये ते ब्रिटिश संघाच्या पहिल्या पटावर, म्हणजे प्रत्येक देशाच्या सर्वोत्तम खेळाडूसमोर बसले. सतरा डावांपैकी आठ त्यांनी जिंकले, सात बरोबरीत सोडविले आणि केवळ दोन गमावले. अकिबा रुबिनस्टाइन आणि सालो फ्लोर हे त्यांच्याकडून पराभूत झाले. तत्कालीन विश्वविजेते अलेक्झांडर अलेखिन यांच्याशी त्यांनी बरोबरी साधली. १९३२ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अलेखिन व फ्लोर यांच्या मागोमाग ते तिसऱ्या स्थानाचे वाटेकरी झाले. ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी १९३२ आणि १९३३ साली पुन्हा जिंकले. गळ्याभोवती कापड गुंडाळून, कधी हिवतापाने तर कधी सर्दीपडशाने जर्जर होऊन, इंग्लंडचा हिवाळा सोशीत मिळविलेले हे यश होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल अधिकच वाढते.

सेवक की सरदारपुत्र

सुलतान खान यांच्याविषयी पाश्चात्त्य लेखनात एक कथा दीर्घकाळ प्रचलित आहे. ते सर उमर यांचे घरगुती नोकर होते, निरक्षर होते आणि केवळ उपजत बुद्धीच्या बळावर त्यांनी हे सर्व साधले, अशी ती कथा. १९३३ साली अमेरिकन संघ लंडनमध्ये सर उमर यांच्याकडे भोजनास गेला असता, ज्याच्याशी पटावर लढावयाचे तोच विजेता पंक्तीत वाढताना दिसला, अशी आठवण त्या संघातील रुबेन फाइन यांनी पुढे लिहून ठेवली. ही हकीकत पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिली. २०२० साली सुलतान खान यांचे एक विस्तृत इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या शीर्षकातही सेवक हाच शब्द झळकला. त्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर आक्षेप घेतला. सुलतान खान हे जमीन बाळगणाऱ्या आणि पीर म्हणून मान असलेल्या घराण्यातले होते, ते निरक्षर नव्हते आणि सर उमर यांच्याशी त्यांचे नाते धनी व चाकर असे नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

हा वाद केवळ प्रतिष्ठेचा नाही. अडाणी नोकराने विश्वविजेत्यांना हरविले, या कथेत नवलाईचा भाग मोठा आहे, आणि नवलाई ही अनेकदा अभ्यासाची जागा बळकावते. एकदा एखाद्याला दैवी देणगी लाभलेला अडाणी ठरविले, की त्याच्या परिश्रमाची, विचारपद्धतीची आणि देशी बुद्धिबळाच्या प्रौढ परंपरेची दखल घेण्याचे कारण उरत नाही. मिठा टिवाण्याच्या घरात पित्याकडून मिळालेले शिक्षण हेही शिक्षणच होते, हे तेव्हाच्या लंडनला दिसले नाही, यात नवल नाही. ते आजही अनेकांना दिसत नाही, हे मात्र खेदजनक आहे.

तथापि या वादात दोन्ही पक्षांनी कोणतीही भूमिका घेतली, तरी एक वस्तुस्थिती बदलत नाही. सुलतान खान नोकर असोत वा सन्मान्य आश्रित, त्यांच्या खेळाचे वेळापत्रक सर उमर यांच्या प्रवासाशी बांधलेले होते. सर उमर लंडनला निघाले, तेव्हा सुलतान खान तेथे गेले; सर उमर यांची कौन्सिलवरील मुदत संपत आली आणि १९३३ च्या डिसेंबरात तेही मायदेशी परतले. त्या वर्षी ते ब्रिटनचे विजेते होते. फोकस्टन येथील ऑलिंपियाडमध्ये त्यांची कामगिरी पूर्वीइतकी चमकदार झाली नाही, हे खरे. परंतु एका मध्यम हंगामानंतर कोणताही खेळाडू खेळ सोडीत नाही. त्यांच्या पुढील हंगामाची तरतूद करणारे दुसरे कोणी नव्हते, एवढेच.

त्याच घरातील फातिमा यांची हकीकत याहून बोलकी आहे. त्याही सर उमर यांच्या परिवारासमवेत लंडनला आल्या होत्या. युरोपीय बुद्धिबळाचा अनुभव तुटपुंजा असताना त्यांनी १९३३ साली हेस्टिंग्ज येथे महिलांचे ब्रिटिश अजिंक्यपद मोठ्या फरकाने जिंकले. एकाच वर्षी, एकाच गावी, एकाच घरातील दोन हिंदी व्यक्तींनी ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदे पटकाविली. त्यानंतर फातिमा यांचे नाव स्पर्धांच्या नोंदींत आढळत नाही. दोघांच्या स्वभावात, प्रकृतीत, वयात साम्य असण्याचे कारण नाही. साम्य आहे ते दोघांच्या आधारात. तो आधार एकच होता आणि तो एकाच वेळी निघाला.

परतल्यानंतर

हिंदुस्थानात परतल्यावर सुलतान खान यांची क्षमता ओसरली होती, असे मानण्यास आधार नाही. १९३५ साली त्यांनी व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूशी दहा डावांचा सामना खेळला. खाडिलकर हे काही सामान्य प्रतिस्पर्धी नव्हते. ते स्वतः १९२४ साली ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत खेळून आलेले होते. त्या दहा डावांपैकी नऊ सुलतान खान यांनी जिंकले, एक बरोबरीत सुटला. जो खेळाडू आपल्या देशातील उत्तम प्रतिस्पर्ध्याला अशा फरकाने हरवितो, त्याला आणखी खेळावयाचे तर कोणाशी, हा प्रश्न पडणे अपरिहार्य होते. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा १९५५ साली एलुरू येथे सुरू झाली, आणि तिचे पहिले विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागून घेतले. सुलतान खान यांना या संस्था वीस वर्षे आधी हव्या होत्या. त्या उभ्या राहिल्या, तेव्हा ते फाळणीच्या रेषेपलीकडे होते.

सर उमर हयात खान १९४४ साली निवर्तले. सुलतान खान यांनी आपल्या जमिनीवर लक्ष घातले, संसार केला, मुले वाढविली. मुलांना त्यांनी बुद्धिबळाच्या मागे लावले नाही; आयुष्यात याहून उपयुक्त काही करावे, असा सल्ला त्यांनी मुलांना दिल्याचे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. या सल्ल्यात कोणाला कटुता दिसेल, कोणाला व्यवहारज्ञान. ते दुःखी होते, असे गृहीत धरून त्यांच्याविषयी अश्रू ढाळणे हा त्यांच्या उत्तरायुष्याचा अवमान ठरेल. शेती करणे हे पटावर बसण्याहून कमी प्रतीचे काम नव्हे, आणि खेळ थांबविण्याचा अधिकार प्रत्येक खेळाडूला असतोच. परंतु निवड ही निवड ठरण्यासाठी माणसापुढे किमान दोन मार्ग असावे लागतात. सुलतान खान यांच्यापुढे १९३३ नंतर दुसरा मार्ग उघडा होता, असे इतिहास सांगत नाही.

१९५० साली जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर हा किताब अधिकृतपणे सुरू केला आणि पहिल्या यादीत सत्तावीस नावे प्रसिद्ध केली. त्यात गतकाळातील कर्तृत्वाबद्दल गौरविलेले ज्येष्ठ खेळाडूही होते. १९३२ नंतर स्पर्धांपासून दूर झालेले रुबिनस्टाइन त्यात होते. तार्ताकोव्हर होते, फ्लोर होते, यूवे होते. ज्यांना सुलतान खान यांनी पटावर हरविले होते, त्यांपैकी तिघे त्या यादीत होते; सुलतान खान नव्हते. ते तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले, हयात गृहस्थ होते. परंतु त्यांचे नाव आग्रहाने मांडील असा क्लब, संघ वा महासंघ त्यांच्या पाठीशी उभा नव्हता. ज्याच्यामागे केवळ आश्रयदाता असतो, त्याची आठवण आश्रयदात्याबरोबर पुसली जाते.

आश्रय आणि संस्था

याचा अर्थ आश्रयदात्यांचे कार्य निरर्थक होते, असा मुळीच नाही. सर उमर नसते, तर सुलतान खान यांचे नाव शाहपूर जिल्ह्याबाहेर गेले नसते, आणि ही कृतज्ञता त्यांच्या कुटुंबीयांनीही नाकारलेली नाही. संगीत, मल्लविद्या, बुद्धिबळ या सर्व क्षेत्रांत संस्थानिक व जमीनदार यांच्या आश्रयानेच आपल्याकडे विद्या तगली. दोष आश्रयदात्याच्या उदारतेत नसून आश्रयाच्या स्वरूपात असतो. आश्रय ही एका व्यक्तीची दुसऱ्या व्यक्तीवरील कृपा असते. तिला सातत्याची हमी नसते, तिचा हिशेब मागता येत नाही आणि तिचा वारसा दुसऱ्याकडे जात नाही. कालरा जहागिरीवर संघ होता, तो जहागीरदाराच्या आवडीपुरता. हेस्टिंग्जच्या क्लबात चिटणीस बदलत राहिले, सभासद मरण पावले, महायुद्ध होऊन गेले, तरी क्लब टिकला. कारण तो कोणा एकाचा नव्हता.

क्लब म्हणजे सर्व दुखण्यांवरचा उतारा, असेही समजण्याचे कारण नाही. सुलतान खान यांचे मार्गदर्शक फ्रेडरिक येट्स हे सहा वेळा ब्रिटनचे विजेते ठरलेले खेळाडू. क्लबांच्या त्याच जगात त्यांचे आयुष्य गेले, पण वृत्तपत्रांतील सदरे आणि किरकोळ मानधन यांवर त्यांना ओढगस्तीत दिवस काढावे लागले. १९३२ च्या नोव्हेंबरात लंडनमधील खोलीत वायुगळतीने त्यांचा अपघाती मृत्यू झाला. क्लब खेळाडूचे पोट भरू शकला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र येट्स अखेरपर्यंत खेळू शकले, शिकवू शकले, लिहू शकले. मार्गदर्शक दरिद्री राहूनही खेळात राहिला आणि शिष्य सरंजामी घराच्या छायेत राहूनही खेळाबाहेर फेकला गेला, या विरोधाभासात संस्थेचे आणि आश्रयाचे अंतर स्पष्ट होते.

भारतातील नंतरचा इतिहास हाच धडा उलट दिशेने शिकवितो. सांगलीत १९४१ साली स्थापन झालेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या निष्ठेमुळे वर्षानुवर्षे स्पर्धा भरविल्या आणि नवोदितांना देशातील उत्तम खेळाडूंसमोर बसण्याची संधी दिली. भाऊसाहेब गेले, तरी मंडळ राहिले. मद्रासमधील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब चाले; मॅन्युएल एरन, म्हणजे १९६१ साली आंतरराष्ट्रीय मास्टर झालेले पहिले भारतीय, त्या क्लबाशी निगडित होते. आईकडून खेळ शिकलेला विश्वनाथन आनंद नावाचा मुलगा त्याच क्लबात डावांमागून डाव खेळत वाढला. १९८८ साली तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि पुढे विश्वविजेता. मिठा टिवाण्याच्या मुलालाही खेळ घरातच मिळाला होता. मद्रासच्या मुलाला घरापासून जवळच एक खोली मिळाली, जेथे दुसऱ्या दिवशीही प्रतिस्पर्धी भेटण्याची खात्री होती.

२०२४ साली भारताच्या पुरुष व महिला संघांनी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके मिळविली, त्याच वर्षाअखेर दोम्माराजू गुकेश विश्वविजेता झाला आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकली. १९३३ मध्ये एका घरातील दोन माणसे मायदेशी परतली आणि भारतीय बुद्धिबळ जगाच्या पटावरून जवळजवळ दिसेनासे झाले. आज एखादा खेळाडू मागे पडला, तर त्याची जागा घेण्यास दुसरे तयार असतात. बुद्धी त्या काळीही एवढीच होती. तिला उभे राहावयास जमीन नव्हती.

ही जमीन एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली, असे मात्र नसते. यशाच्या दिवसांत थैल्या, सत्कार आणि पुरस्कर्ते यांची वाण पडत नाही. विजेत्याच्या गळ्यात हार घालावयास आश्रयदाते नेहमीच पुढे असतात. काळाप्रमाणे त्यांची नावे आणि पदे तेवढी बदलतात. तालुक्याच्या गावी नगरवाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन संध्याकाळी दहा पट मांडले जावेत, दिव्याचे बिल भरले जावे, डाव टिपण्याच्या वह्या असाव्यात आणि फी देऊ न शकणाऱ्या मुलालाही तेथे खुर्ची मिळावी, यासाठी लागणारा पैसा एका सत्कारसमारंभाच्या खर्चाहून कमी असतो. तरीही तो मिळविताना चिटणीसाला दारोदार फिरावे लागते, कारण त्या खोलीत अद्याप कोणी विजेता झालेला नसतो. मरणोत्तर किताब देण्यास एक ठराव पुरतो. खोलीचे भाडे मात्र दर महिन्याला भरावे लागते, आणि पुढचा सुलतान खान कोणत्या गावी जन्मला आहे हे आज कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ते प्रत्येक गावी भरणे भाग आहे.